अर्धं भरलेलं जहाज

नाकाहारा-सान यांनी कुळथाच्या पिठीची वाटी दोन्ही हातांत धरली, तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली. मग रुमालाने ओठ टिपत म्हणाले, "ही तर आमच्या मिसो सुपाची सख्खी बहीण."

गेस्ट हाउसच्या जेवणघरात सगळे हसले. मी हसलो नाही.

या माणसाला मी सोळा वर्षं ओळखत होतो. याआधी ते तीनदा आमच्या टर्मिनलवर आले होते आणि तिन्ही वेळा मी त्यांना टोस्ट, उकडलेली अंडी आणि शहरातून गाडी पाठवून आणलेले नूडल्स खाऊ घातले होते. परदेशी माणसाच्या पोटाला आपलं सोसत नाही, अशी माझी ठाम समजूत. आणि ही स्वरूपा तिरोडकर, माझ्याच हाताखालची, नोकरीला जेमतेम सहा वर्षं झालेली. तिने पहिल्याच दिवशी आचाऱ्याला सांगून पिठी करवली होती.

"सबनीस-सान," नाकाहारा मला म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही मला ही का दिली नाहीत?"

"तुम्ही मागितली नाहीत."

आमचे जनरल मॅनेजर बेलसरे साहेब माझ्याकडे बघू लागले. माझा आवाज जरा चढलाच असणार. स्वरूपा घाईघाईने म्हणाली, "सरांनीच सांगितलं होतं मला, पाहुण्यांना गरम काहीतरी द्या म्हणून." मी तसं काहीही सांगितलं नव्हतं. तिने मला सांभाळून घेतलं याचा मला आणखी राग आला.

आमचं टर्मिनल कोकण किनाऱ्यावर. आखातातून जहाजं यायची, त्यांच्या टाक्यांत द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू असायचा, बर्फालाही लाजवील इतका गार. तो आम्ही उतरवून घ्यायचो, पुन्हा वायू करायचो आणि नळाने खताच्या कारखान्याला व वीज केंद्राला द्यायचो. किती आला, किती उतरला, जहाजात किती राहिला हे मोजणारा विभाग माझा. तिशीत असताना कंपनीने मला आठ महिने जपानला शिकायला पाठवलं होतं. तिथे माझे गुरू नाकाहारा.

त्यांनी मला एक रीत शिकवली. कुठलाही आकडा मोजणीच्या खोलीतून बाहेर जाण्याआधी एकाने त्यावर बोट ठेवून तो मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने तो बघायचा, विचार करायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "बरोबर". नाहीतर "थांबा". वाचणाऱ्याची कागदावर सही असते. ऐकणाऱ्याची नसते, त्याचा नुसता शब्द. मी विचारलं होतं, सही का नको? ते म्हणाले, सही असली की माणूस सहीचा विचार करतो. ही रीत मी आमच्याकडे आणली. धक्क्यावरचे लोक हसायचे. फोरमन रेडीज तर म्हणायचा, "चला, सबनीस सायबांची आरती सुरू झाली." पण टर्मिनल सुरू झाल्यापासून नऊ वर्षांत आमचा एक आकडा चुकला नव्हता.

त्या हिवाळ्यात नाकाहारांच्या भागात भूकंप झाला. माणसं फारशी दगावली नाहीत, पण अणुवीज केंद्र बंद ठेवावं लागलं आणि ऐन जानेवारीत त्यांच्याकडे वायूची ओढाताण सुरू झाली. दोन्ही सरकारांच्या ऊर्जा खात्यांत बोलणी झाली. ठरलं ते असं: आमच्याकडे येणाऱ्या जहाजातला निम्मा वायू आम्ही उतरवून घ्यायचा आणि निम्मा तसाच पुढे जपानला जाऊ द्यायचा. मे महिन्यात आमच्याकडे विजेची बोंब असते, तेव्हा त्यांनी त्यांचं एक जहाज आमच्याकडे वळवायचं. आमच्या टर्मिनलने असं कधी केलं नव्हतं. करार म्हणजे एका पानाचं पत्र. बाकी सगळी भिस्त एकमेकांच्या आकड्यांवर.

हे नीट पार पडलं तर ओसाकाला दोन्ही देशांचा मिळून एक कक्ष निघणार होता. कुणाची नड असेल तेव्हा कुणाचं जहाज कुठे वळवायचं, हे तिथे बसून ठरवायचं. तिथे आपला एक माणूस तीन वर्षांसाठी जाणार होता आणि तो नाकाहारा निवडणार होते.

माझ्या लेखी ती जागा माझीच होती. मी बायकोला सांगून मोकळा झालो होतो.

पण नाकाहारा आले आणि चार दिवसांत माझ्या वाट्याला आले ते फक्त नमस्कार. रोज संध्याकाळी पाचला ते धक्क्यावर फिरायला जात आणि जाताना स्वरूपाला बोलावत. मी खिडकीतून बघत असे. ती हातवारे करून काहीतरी सांगायची, ते मान डोलवायचे, मध्येच थांबून वहीत लिहायचे. चौथ्या दिवशी तिच्या टेबलावर मला एक पोलादी पट्टी दिसली. कडेला खाचा असलेली, मधोमध झिजलेली. ती नाकाहारांची मोजपट्टी मी लांबूनही ओळखली असती. जपानहून निघताना मी ती त्यांच्याकडे आठवण म्हणून मागितली होती. तेव्हा ते म्हणाले होते, ही आठवण म्हणून देण्यातली वस्तू नाही, कामाची आहे.

"कुठे मिळाली?" मी विचारलं.

"नाकाहारा-सानांनी दिली," स्वरूपा म्हणाली. "मी नको म्हटलं, सर. ऐकेनात."

मी घरी येऊन पानावरून अर्धवट उठलो. बायको म्हणाली, "काय झालं?"

"ॲसिडिटी."

"ॲसिडिटी नव्हे ती," नीला म्हणाली. "चार दिवस बघतेय मी. त्या पोरीचं नाव निघालं की तुमच्या पोटात दुखतं."

"उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढंच म्हणतो मी. तिला येतं काय?"

"येत नसेल तर तुम्ही शिकवलं नसेल. तुमच्याच हाताखाली आहे ना?"



त्याच आठवड्यात जहाज बदललं. ठरलेल्या जहाजाच्या टाक्या गोल, मोठ्या चेंडूंसारख्या. त्याच्या इंजिनात बिघाड झाला म्हणून विकणाऱ्यांनी दुसरं पाठवलं, ते सपाट भिंतींच्या चौकोनी टाक्यांचं. वायू उतरवायचा तक्ता स्वरूपाने तयार केला होता: चारही टाक्यांतून निम्मा-निम्मा काढायचा, चारही टाक्या पन्नास टक्क्यांवर ठेवायच्या. जहाज बदलल्यावर तिने नाव बदललं, मापं बदलली, सगळे हिशेब नव्याने केले. पन्नास टक्के मात्र तसेच ठेवले.

गोल टाकी अर्धी राहिली तर बिघडत नाही. चौकोनी टाकी अर्धी ठेवून भर समुद्रात जाता येत नाही. अर्धा हंडा डोक्यावर घेऊन चालणारीला विचारा, का ते कळेल. आतला द्रव हिंदकळतो आणि लाटांच्या ताकदीने भिंतींवर आपटतो. ती टाकी एकतर जवळजवळ भरलेली हवी, नाहीतर जवळजवळ रिकामी. आमच्याकडे हे कुणालाच ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, कारण आमच्याकडे आलेलं प्रत्येक जहाज रिकामं होऊनच परत गेलं होतं. मला ठाऊक होतं. मला ते नाकाहारांनी सोळा वर्षांपूर्वी चहाने अर्धा भरलेला जेवणाचा डबा हलवून दाखवलं होतं.

स्वरूपाचा कच्चा तक्ता माझ्या टेबलावर सोमवारी दुपारी आला. चूक मला पहिल्या नजरेतच दिसली. मी तो दुमडला, पिशवीत घातला आणि घरी आलो. संध्याकाळी तीन तास बसून मी दुसरा तक्ता केला. दोन टाक्या जवळजवळ पूर्ण रिकाम्या करायच्या, उरलेल्या दोन टाक्यांना हात लावायचा नाही. दर तासाला कुठला पंप चालवायचा, जहाज कलू नये म्हणून समुद्राचं पाणी कुठे भरायचं, सगळं. इतकं सुबक काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. मग तो तक्ता मी घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

मी काय ठरवलं होतं ते सरळ सांगतो. धोका कुणालाच नव्हता. जहाजाचा कप्तान तक्ता बघताच नाही म्हणणार, हे मला माहीत होतं. नाकाहारांसमोर, दोन्ही खात्यांच्या माणसांसमोर स्वरूपाचा चेहरा पडणार. आणि त्या क्षणी मी उठून माझा तक्ता टेबलावर ठेवणार.

मंगळवारी चार वाजता वाचन झालं. मोजणीच्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

"टाकी क्रमांक एक, शिल्लक पन्नास टक्के." तिने आकड्यावर बोट ठेवलं.

"बरोबर," मी म्हणालो.

"टाकी क्रमांक दोन, शिल्लक पन्नास टक्के."

"बरोबर."

तिसऱ्या टाकीला ती थांबली. "सर, जहाज वेगळं आहे म्हणून मनात जरा शंका येते. तुमचं काय मत?"

"हिशेब बरोबर आहे," मी म्हणालो. हिशेब होताच बरोबर. मी स्वतःला तेच सांगितलं, मला हिशेब विचारलाय.

"मग ठीक." तिचा चेहरा मोकळा झाला. "टाकी क्रमांक तीन, शिल्लक पन्नास टक्के."

"बरोबर."

बुधवारी सकाळी नऊला बैठक बसली. लांब टेबलाच्या एका बाजूला बेलसरे साहेब आणि दिल्लीहून आलेले दोन अधिकारी, समोर नाकाहारा आणि त्यांच्या खात्यातली माणसं. टोकाला जहाजाचा कप्तान, क्रोएशियाचा, दाढीवाला, कमी बोलणारा. स्वरूपाने तक्त्याच्या प्रती वाटल्या. मधोमध ते एका पानाचं पत्र सह्यांसाठी ठेवलेलं होतं.

कप्तानाने तक्ता एकदा बघितला, चष्मा काढला.

"हे घेऊन मी बंदर सोडणार नाही," तो म्हणाला. "माझ्या टाक्या दहा टक्क्यांच्या खाली हव्यात, नाहीतर सत्तरच्या वर. हे कुणी केलं?"

स्वरूपा उभी राहिली. "मी केलं," ती म्हणाली.

दिल्लीचे अधिकारी आपसात कुजबुजले. बेलसरे साहेब कपाळाला हात लावून बसले. जपानी मंडळींतल्या एकाने पुढ्यातलं पत्र हळूच स्वतःकडे ओढून घेतलं. मनातल्या मनात मी हे चित्र इतक्यांदा रंगवलं होतं, त्यात ते पत्र ओढून घेणारा हात मात्र नव्हता.

मी उठलो. कोटातून तक्ता काढून टेबलावर उलगडला. "यावर उपाय आहे," मी म्हणालो.

कप्तानाने तो वाचला, एकदा, दोनदा. "हे चालेल," तो म्हणाला. "हे उत्तम आहे." बेलसरे साहेबांच्या जिवात जीव आला. तक्ता फिरत फिरत नाकाहारांकडे गेला. प्रत्येक तासाच्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं. सोळा वर्षांपूर्वी माझी वही तपासताना फिरवायचे तसंच. मला फार बरं वाटलं.

"सुंदर काम आहे," ते म्हणाले. "किती वेळ लागला?"

"तीन तास," मी अभिमानाने म्हणालो. "सोमवारी संध्याकाळी घरीच बसून केला."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. आज बुधवार होता. समोरच्या तक्त्यावर स्वरूपाची सही होती आणि सहीखाली वाचनाची वेळ होती, मंगळवार, चार वाजता.

नाकाहारांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "या तक्त्याचं वाचन कुणासमोर झालं?"

मी काही म्हणण्याआधी स्वरूपा बोलली.

"सबनीस सरांनी त्यांचा तक्ता मला सोमवारीच दिला होता. मंगळवारी आम्ही दोघांनी तोच वाचला. आज गडबडीत मी जुन्या तक्त्याच्या प्रती काढल्या आणि त्यावर तारीख घालून सही केली. चूक सर्वस्वी माझी आहे. मोजणी विभागाची नाही."

नाकाहारा तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "सबनीस-सान?"

"बरोबर," मी म्हणालो.

पत्र पुन्हा टेबलाच्या मध्यावर आलं. सह्या झाल्या. दुपारी माझ्या तक्त्याप्रमाणे पंप सुरू झाले.

संध्याकाळी मी स्वरूपाला मोजणीच्या खोलीत गाठलं. ती जुन्या तक्त्याच्या प्रती गोळा करून फाडत होती.

"तू असं का केलंस?" मी म्हणालो. "माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी नाही केलं, सर." तिने वर बघितलं नाही. "मला पन्नास टक्क्यांचं माहीत नव्हतं. तुम्हाला होतं. मी विचारलंही होतं तुम्हाला."

"स्वरूपा..."

"त्यांना एवढं कळलं असतं ना, की इथला माणूस चूक दिसत असताना बरोबर म्हणतो, तर त्यांनी आपला एक आकडा मानला नसता. सही झाली नसती. आज ते जहाज गेलं नसतं आणि मेमध्ये आपल्याकडे आलं नसतं. माझी आई डायलिसिसवर आहे, सर, जिल्ह्याच्या दवाखान्यात. गेल्या मेमध्ये वीज गेली तेव्हा मशीन हाताने फिरवत होते. मी त्या जहाजासाठी खोटं बोलले."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "राहू दे. मला घरी जायचंय."

पंधरा दिवसांनी तिला मेमो मिळाला. परदेशी पाहुण्यांसमोर निष्काळजीपणा, कंपनीची नाचक्की. बेलसरे साहेबांनी फाइल माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवली. दोन दिवस ती माझ्या टेबलावर होती. खरं काय ते लिहायला चार ओळी पुरल्या असत्या. मी लिहिलं, "अभिप्राय नाही". तिला मोजणीतून काढून स्टोअरला पाठवलं, नटबोल्ट आणि हातमोजे मोजायला. मार्चअखेर मला ओसाकाचं पत्र आलं. नीलाने पेढे वाटले. पेढा खाताना रेडीज म्हणाला, "चला सायेब, तुमची आरती आता जपानात." मी त्याच्याबरोबर हसलो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचं जहाज आलं, ठरल्या दिवशी, ठरल्या मापाचं. त्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात वीज गेली नाही. मी जूनमध्ये निघालो. जाताना स्टोअरवरून गेलो. ती शिडीवर चढून फळीवरची खोकी मोजत होती, एकटीच, मोठ्याने. मी हाक मारली नाही.

ओसाकाला पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला नाकाहारांनी मला कक्ष दाखवला. भिंतीवर समुद्राचा नकाशा होता. खिडकीपाशी एक टेबल होतं आणि त्यावर दोन देशांचे छोटे झेंडे.

"बसण्याआधी एक सांगतो," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. या टेबलासाठी मी तुमचं नाव ठरवून भारतात आलो होतो."

"आभारी आहे," मी म्हणालो.

"तिरोडकर-सानना मी रोज फिरायला न्यायचो ते तुम्ही इकडे आल्यावर तिकडे तुमच्या जागी त्या बसू शकतील का, हे बघायला. त्या सारखं तुमच्याबद्दल बोलायच्या. सरांनी हे शिकवलं, सरांनी ते शिकवलं. बैठकीनंतर मी नाव बदललं. पत्र तिरोडकर-सानच्या नावाने पाठवलं. तुमच्या कंपनीने कळवलं की त्यांच्यावर कारवाई झाली आहे, त्यांना पाठवता येत नाही. दुसरं नाव, म्हणजे तुमचं, कंपनीनेच सुचवलं."

म्हणजे पत्र तिचंच होतं. मेमो नसता तर इथे तीच उभी असती, आणि तो मेमो माझ्या वाट्याचा होता. एवढं कळूनही मनात पहिली गोष्ट काय आली असेल, तर ही, की त्यांनी पत्र तिला लिहिलं. लाज त्याच्यानंतर वाटली.

"बैठकीत तुम्हाला सगळं कळलं होतं," मी म्हणालो.

"हो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आमच्या गावात त्या दिवशी उणे चार होतं," नाकाहारा म्हणाले. "मला जहाज हवं होतं. तिरोडकर-साननाही जहाजच हवं होतं. आम्हा दोघांचं तिथेच जुळलं."

मग त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागे ओढली, पाहुण्यासाठी ओढावी तशी.

"बसा, सबनीस-सान. आठ वाजता पहिले आकडे येतील."

मी बसलो.